हलव्याचा हार

थांबा! टाळ थांबवा जरा. मंडळी, मागे वळून कोणाकडे बघताय? मागे एक मूल रडलं आणि सभामंडपातल्या सगळ्या माना वळल्या — पोराकडे नाही, त्याच्या आईकडे! तेव्हा आज विचारते: मूल रडलं की पहिला डोळा आईवर का जातो? बोला ना! नाही? मग ऐका.

केतकी नावाची एक सून. गाव कशाला सांगू, तुमच्याच आळीतली समजा. दिवस राहिले तेव्हाच तिनं ठरवलं होतं — मुलावर आवाज चढवायचा नाही, हात तर नाहीच नाही! छान ठरवलं हो. पोर पोटात असतं तोवर आपण सगळेच संत! ओजस झाला, रांगला, धावू लागला. आवाज तर केव्हाच चढला. हात मात्र तिनं उगारला नव्हता. तेवढं एकच तिनं जिवापाड सांभाळलं होतं.

संक्रांत आली. ओजसचं बोरन्हाण! सासूबाईंनी, कुमुदिनीबाईंनी, हलव्याचे दागिने स्वतः केले. काळ्या कापडावर हलवा शिवून हार केला, मुकुट केला, रात्रभर ताटाखाली झाकून ठेवला. संध्याकाळी बायका जमल्या, काळं झबलं घालून ओजसला पाटावर बसवलं, हार गळ्यात घातला — आणि पोरानं किंकाळी फोडली!

“काढ! आई, काढ!”

“आमची मुलं मूर्तीसारखी बसायची हो पाटावर,” सासूबाई म्हणाल्या.

“लाडावलंय!” शेजारच्या शकूवहिनी. “एक ठेवून दे, गप्प बसेल.”

“ओरडू नकोस हं, वहिनी,” नणंद म्हणाली. “मुलांच्या मनावर परिणाम होतो.”

आणि बाप? श्रीरंग मोबाईल धरून उभा! “केतकी, त्याला जरा हसव ना. फोटो खराब येतायत.”

केतकीनं हाराला हात घातला. लगेच सासूबाई — “अगं अगं, अपशकुन! बोरं पडू देत डोक्यावरून, मग काढ.”

हात मागे आला. मंडळी, तिथंच चुकलं! आईचं मन म्हणत होतं काढ, आणि तिनं ऐकलं चारचौघींचं.

ओजसनं हार ओढला. दोरा तुटला, हलवा घरभर झाला! “काय बाई कार्टं!” कोणीतरी म्हणालं. केतकीच्या कानशिलात आग उठली आणि हात — तोच सांभाळलेला हात — फाडकन् पोराच्या गालावर!

आता गंमत ऐका. पहिलं कोण बोललं? शकूवहिनी! “अगंबाई! एवढ्याशा जिवाला मारतात का?”

आणि पोर कुठं पळालं? जिनं मारलं, तिच्याच कुशीत! दुसरीकडे जाणार कुठं? केतकीनं त्याला छातीशी धरलं आणि तिला दिसली त्याची मान. लाल लाल गांधी उठलेल्या! झबल्याच्या गळ्यात मुंग्या, तुटलेल्या हाराच्या कापडात मुंग्या. साखरच ती! मूर्तीला मुंगी चावत नाही हो, सासूबाई. लेकराला चावते!

“तो सांगत होता,” केतकी म्हणाली. “काढ म्हणत होता. मी तुमचं ऐकलं.” मग पोराच्या गालाला गाल लावून म्हणाली, “चुकले रे राजा.” आणि त्याला घेऊन न्हाणीघरात गेली. बोरं सुपातच राहिली. त्यांना हात लावायची कोणाचीच हिंमत झाली नाही.

थप्पड चूकच! मी तिची बाजू घेत नाही. पण तो हात एकट्या केतकीचा होता का? अहो, यशोदेनंसुद्धा रागानं दावं घेतलं, कान्ह्याला उखळाला बांधलं. तिचे पाळणे गाता, आणि शेजारची यशोदा दमली की तिचा न्यायनिवाडा करता? लाज नाही वाटत? एकीनं तरी म्हणायचं होतं — दे गं, मी घेते त्याला, बघते काय टोचतंय!

ते बघा, मागचं लेकरू अजून रडतंय. त्याची आई उठून चाललीय — तुमच्या नजरांना भिऊन! बसा हो ताई, देव कुठं पळत नाही. आणि पहिल्या रांगेतले दादा, तुम्ही उठा. पंख्याखालची जागा तिला द्या. काकू, बघता काय? पाणी आणा! ते पोर शांत होईल, तेव्हाच इथं टाळ वाजेल.