रेषा कोण मारतो

माझा जन्म कॉटन ग्रीनचा, गोदामांच्या मागच्या चाळीतला, वडील तिथेच हमाल. आम्ही मूळचे मालवणकडचे, पण गाव आमचं मे महिन्यापुरतं. दोघे भाऊ, मी थोरला आणि सुधीर सहा वर्षांनी धाकटा. फुटबॉल तो खेळायचा, मला काय ते जमलं नाही, म्हणून मी लाइनमन झालो, म्हणजे रेषेवर झेंडा घेऊन धावणारा. वीस वर्षं धावलो, शिव्या खाल्ल्या, पण पैसे खाल्ले असं कोणी म्हटलं नाही.

आता हे व्हिडिओवालं आलंय ना, त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. दर रविवारी संध्याकाळी सुधीर लालबागहून माझ्याकडे येतो, बायको भजी तळते, परदेशातली मॅच लागते, आणि गोल झाला की थांबा म्हणे, खोलीत बसलेला माणूस व्हिडिओ परत बघतोय. अहो, काय बघतोय? पडद्यावर रेषा मारतात, पण ती रेषा कोण मारतो, बॉल पायातून कधी सुटला ते कोण ठरवतो, चित्र जरा अलीकडे थांबवलं तर गोल, जरा पलीकडे थांबवलं तर ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना खेळाडू शेवटच्या बचाववाल्याच्या पुढे, गोल बाद. मोठ्या क्लबचं पटकन उरकतात आणि गरीब क्लबचा गोल असला की घासून घासून बघतात. सुधीर म्हणतो, दादा, कॅमेऱ्याला कोण नातेवाईक? मी म्हणतो, कॅमेऱ्याला नसतील, बटण दाबणाऱ्याला आहेत ना.

मागच्या रविवारी असाच एक गोल रद्द झाला आणि मी सुरू झालो, हा विकला गेलाय, सगळं ठरलेलं असतं. सुधीर खाता खाता थांबला. म्हणाला, दादा, माझा तो गोल.

तो गोल म्हणजे, काय सांगू तुम्हाला. परळच्या मैदानावर मॅच होती, एका कंपनीचे साहेब बघायला आलेले, तेव्हा खेळावर नोकरी मिळायची. समोरचे सुरुवातीपासून ओरडत होते, भाऊच लाइनमन आहे, बघा आता मज्जा. शेवटी शेवटी सुधीरने गोल मारला आणि मी झेंडा वर केला, ऑफसाइड. नोकरी दुसऱ्याला गेली, सुधीर जन्मभर कुरिअरची पाकिटं वाटत फिरला, आणि मला चाळीने डोक्यावर घेतलं, सख्ख्या भावालाही सोडलं नाही म्हणून. आई तेवढी म्हणाली, झिला, तुका नक्की दिसला ना? मी म्हटलं, दिसलं.

तर सुधीर म्हणाला, खरं सांग, मी पुढे होतो? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्याने. मी म्हटलं, मला माहीत नाही रे, बॉल निघाला तेव्हा मी तुझ्याकडे बघतच नव्हतो, त्या ओरडणाऱ्यांकडे बघत होतो.

सुधीर उठला. बशी खाली ठेवली, चपला घातल्या, मॅच अर्धी टाकून गेला.

या रविवारी आला नाही. बायको म्हणते फोन करा, मी म्हणतो करतो. गावचा देव रवळनाथ त्याला सुखी ठेवो, मुलं चांगली निघाली त्याची. मॅच मी लावली होती, एक गोल रद्दही झाला, पण खोलीतल्या त्या माणसाला शिवी द्यायला माझं तोंड उघडेना.