बर्फ कसा आहे? एका शब्दात!

नाही, पण मला सांगा, बर्फ म्हटला की तो निसरडाच असणार ना? इथे कॅनडात, मॅनिटोबात, घरापासून क्लबपर्यंत चालताना मी तीनदा आपटतो, तेव्हा कुणी काही विचारत नाही! पण आत कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवत वर्तुळात नेण्याच्या खेळाच्या, पट्टीवर गेलं, की आमच्या सासूबाई... ओरिसियाबाई, तीस वर्षं मास्तरीण, आता आमच्या संघाच्या कप्तान... हातातला दगड सोडण्याआधी विचारणारच, "डेल, बर्फ कसा आहे? एका शब्दात!"

आता काय सांगू? आमचा विल्फ बर्फाची पट्टी करतो. चांगल्या सपाट बर्फावर पाणी शिंपडून दाणे उठवतो. म्हटलं, "विल्फ, खरखरीत का करतोस रे?" म्हणतो, "दगड घसरावा म्हणून." आं? "आणि दाणे झिजून गुळगुळीत झाला की?" "मग दगड अडतो." अरे, मग आम्ही दगडापुढे ब्रशनं घासघास घासतो, ते? "त्यानं लांब जातो!" डोकंच चालेना हो!

तर तुम्हाला सांगतो, गावच्या स्पर्धेचा अंतिम सामना, बारा वर्षांत चषक नाही, शेवटचा दगड, माझा मेहुणा टारस माझ्या जागेवर टपून बाहेर बसलेला, आणि सासूबाई... "एका शब्दात!" मी बघितलं, बर्फ कसा चकचकीत! म्हटलं, "निसरडा!"

बाईंनी विश्वासानं दगड अलगद सोडला. अर्ध्यातच तो रेंगाळला. "घास! घास मेल्या, घास!" घासला, जीव खाऊन घासला, दगड सरकत सरकत बरोब्बर वर्तुळाच्या मध्यावर... आणि लागू नये तो माझा ब्रश त्याला लागला. कुणी पाहिलं नाही. पण आमच्यात पंच कुठला? ज्याचा लागला त्यानंच सांगायचं. केला हात वर. "माझा लागला." दगड बाद, चषक गेला.

रिवाजाप्रमाणे जिंकलेल्यांनी बिअर पाजली. विल्फनं मुद्दाम विचारलं, "बाई, जावई कसा आहे? एका शब्दात!" सासूबाईंनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "प्रामाणिक." डोळे भरून आले हो माझे! तोच पुढे म्हणतात, "पुढच्या वर्षी टारस खेळेल. ह्याला स्वयंपाकघरात घ्या."

तर हल्ली मी क्लबात पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, तव्यावर परततो. परवा सासूबाई खिडकीतून डोकावून विचारतात, "डेल, तवा कसा आहे? चिकट की निसरडा?"

मी पिएरोगी उलटायला घेतल्या. मनात म्हटलं, चिकटून करपल्या की कळेल!