अंबुबाईंचा हुद्दा

(सोलापूर. सात रस्त्याजवळची भाड्याची खोली. प्रियंकाला वकिलीची सनद मिळालीय, आणि कोल्हापूरच्या एका वकीलबाईंनी तिला हाताखाली बोलावलंय. बाप अजिनाथ आणि आजी अंबुबाई मंगळवेढ्याहून एसटीनं आलेत.)

अजिनाथ : तर ठरलं. कोल्हापूर रद्द. फाल्गुनात प्रियंकाचं लगीन.

अंबुबाई : बरं. आजून काय ठरलं न्हाय, तवर भाकरी खाऊन घिऊ.

अजिनाथ : आई, आत्ताच म्हनलो की, ठरलं म्हनून!

अंबुबाई : कोन म्हनलं? चटणी वाढ गं पोरी. आन मगाशी त्यो राज्याचा मोटा वकील सांगत हुतीस, त्यो सांग.

प्रियंका : महाधिवक्ता. सरकार कायद्यात अडलं की त्यांचा सल्ला घेतं. राज्यातल्या कुठल्याही कोर्टात ते उभे राहू शकतात.

अंबुबाई : मंगळवेढ्याच्या बी?

प्रियंका : मंगळवेढ्याच्या पण.

अंबुबाई : बया! मग आपल्याकडंच जेवाय येतील की.

अजिनाथ : नेमतं कोन त्यास्नी?

प्रियंका : राज्यपाल. हायकोर्टाच्या न्यायाधीशाची जी पात्रता, तीच यांची. भारताचा नागरिक पाहिजे...

अंबुबाई : अजिनाथ, आपुन हाय का?

अजिनाथ : हाय की! लई वर्सं झाली.

प्रियंका : ...आणि दहा वर्षं न्यायाधीशाची नोकरी, नाहीतर हायकोर्टात दहा वर्षं वकिली. आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, आपल्याकडची प्रकरणं तिथंच जातात.

अंबुबाई : म्हंजी तितं गेल्याबिगर धा मोजायला सुरवातच न्हाय.

अजिनाथ : आई, तू तिच्या बाजूनं बोलतीयास.

अंबुबाई : म्या नुसती धा मोजतीया.

प्रियंका : आणि अप्पा, विधानसभेत आमदारांसमोर उभं राहून बोलता येतं त्यांना. मत मात्र देता येत नाही.

अजिनाथ : येवडा मोटा मानूस, आन मत न्हाय?

अंबुबाई : त्यात काय? पन्नास वर्सं आपल्या घरात म्या त्येच करतीया.

अजिनाथ : पर मत न्हाय, तर त्येंचं ऐकतं कोन?

प्रियंका : ऐकलंच पाहिजे असं नाही. पण न ऐकता चुकलं, की सगळ्यांना आठवतं.

अंबुबाई : बोअर.

अजिनाथ : आई, बोअरचं काडू नगंस.

अंबुबाई : म्या म्हनलं हुतं, बाभळीखाली पानी न्हाय. साडेतीनशे फूट खाली गेलास. फुफाटा निगाला.

अजिनाथ : चारशे.

अंबुबाई : बग पोरी, सरकारनं कबूल केलं. किती दीस ठेवत्यात गं त्या मोट्या वकिलास्नी?

प्रियंका : राज्यपालांची मर्जी असेल तोवर.

अंबुबाई : मग बिगीनं बोलते. अजिनाथ, ही पोर मेंढरामागं पुस्तक घिऊन जायची. कोकरू दुसऱ्याच्या ज्वारीत घुसलं, तर कोकराची बाजू मांडायची. तवा गावभर सांगत सुटला हुतास, माजी प्रियंका लई फुडं जानार म्हनून. फाल्गुनापतुरच, असं न्हाय म्हनलास.

अजिनाथ : ...कोल्हापूरची गाडी कवा हाय?

प्रियंका : सकाळी सहाला, अप्पा.

अजिनाथ : म्या काय इचारलंच न्हाय. चटणी दे.

अंबुबाई : हात धू पोरी, कागद घे. लिव्ह. माननीय राज्यपाल यांस. इषय : मत मिळन्याबाबत. अर्जदार अंबुबाई सोताच्या घरात पन्नास वर्सं नुसती बोलत आली. तरी मरायच्या आदी तिला एकडाव हात वर कराय परवानगी मिळावी, ही नम्र इनंती.