क्लिफ डेनबीची परवानगी

...आणि वर मलाच विचारतात, ओरेस्ते, आयुष्यात तू केलंस तरी काय? अहो, एकशे चार सिनेमांना संगीत दिलंय मी, तुम्हाला सांगतो, एकशे चार! नुसते घोडे आणि मुडदे! दिग्दर्शक हातात घड्याळ धरून उभा, "हे बघ, दोन मिनिटं सतरा सेकंद. चौदाव्या सेकंदाला गोळी, विसाव्याला हा पडतो, चाळिसाव्यापर्यंत तडफडतो, मग त्याची विधवा, आणि विधवेला व्हायोलिन पाहिजे. गुरुवारी दे!" मंगळवार संपत आलेला असायचा हो! तरी दिलं. आणि पडद्यावर नाव कुणाचं? क्लिफ डेनबीचं!

कोण हा क्लिफ डेनबी? मीच की! त्या काळात काउबॉय सिनेमांपायी आख्खं रोम अमेरिकन झालं होतं. दिग्दर्शक नेपल्सचा, तो पोस्टरवर टेक्सासचा. नायक आमच्या गल्लीतल्या खाटकाचा पुतण्या, त्याचंही नाव असलं अवघड की त्याच्या आईला उच्चारता येईना. निर्माता म्हणाला, "इटालियन माणूस पिस्तूल रोखतोय म्हटल्यावर इटालियन माणूस हसतो. नाव बदल." मी लगेच बदललं. आनंदानं! कारण आमचे बाबा.

बाबा म्हणजे एवारिस्तो बाल्दुची, आमच्या कामेरीनो गावच्या चर्चमध्ये बेचाळीस वर्षं ऑर्गन वाजवला त्यांनी. मी रोमला निघालो तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, "सिनेमाला पिपाण्या वाजवायच्या तर वाजव, पण आपलं आडनाव त्या पडद्यावर दिसलं तर या घरात पाय ठेवू नकोस." नाही दिसलं! वीस वर्षं नाही दिसलं! घरी सांगितलं, नन्सच्या शाळेत गाणं शिकवतो. दर नाताळला बाबा विचारायचे, "काय, नन्स सुरात आल्या का?" मी म्हणायचो, "प्रयत्न करतायत."

आणि मग काय व्हावं? आमच्याकडे चर्चच्या सभागृहात रविवारी सिनेमा लावतात, पाद्रीच लावतो, चुंबन आलं की प्रोजेक्टरच्या भिंगासमोर हात धरतो. त्या पाद्रीनं, फादर कालीस्तोनं, बाबांना आग्रह करून नेलं, आणि नेमका लागला होता माझा! शेवटच्या झुंजीला मी गिटार नव्हती ठेवली हो, ऑर्गन ठेवला होता. बाबांचा ऑर्गन. लहानपणी त्यांच्या पायांशी बसून ऐकलेला. माझ्या नकळत हातातून उतरला तो. बाबा घरी आले ते रडतच आले! फोनवर मला म्हणतात, "ओरेस्ते, एक अमेरिकन आहे बघ, त्याला ऑर्गन कळतो. तुझ्या नन्सना ऐकव. तूही ऐक, शीक काहीतरी!" ज्या एका शब्दासाठी मी जन्मभर झुरलो, तो शब्द मिळाला कुणाला? क्लिफ डेनबीला!

मग बाबांना झटका आला. डावी बाजू गेली. ऑर्गन वाजवणाऱ्याची डावी बाजू! मी धावत गेलो, ठरवूनच गेलो, की आता सांगायचं, मग घराबाहेर काढू देत. पलंगाशी बसलो, म्हटलं, "बाबा, तो अमेरिकन मी आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं... रागानं नाही हो, दयेनं. म्हणाले, "पोरा, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून इतकं खोटं बोलू नये." मी पियानोवर बसलो, ती धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. डोळे मिटून सगळी ऐकली त्यांनी. म्हणाले, "नक्कल बरी करतोस. पण त्याचा हात हलका आहे."

चौथ्या दिवशी गेले.

शवपेटी चर्चबाहेर आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हा इटालियनांत वाजवतातच, गेलेल्याला मान म्हणून. मी वाजवल्या नाहीत. माझ्या बाबांना मी कोण ते कळलंच नाही, आणि टाळ्या कसल्या वाजवायच्या?

तर आता ही तिसाव्या दिवसाची प्रार्थना. आई म्हणाली, "त्यांची इच्छा होती, त्या अमेरिकनाचीच धून वाजवायची." फादर कालीस्तो अडून बसला, "चर्चमध्ये सिनेमातलं वाजवायचं तर बिशपना दाखवायला संगीतकाराची लेखी परवानगी पाहिजे." आई माझ्याकडे वळली, "तू रोमला असतोस, ओळखीपाळखी काढ, त्या भल्या माणसाला पत्र लिही."

सांगणार होतो मी आईला, शपथ! तोंड उघडलंसुद्धा. पण ती बाबांचा कोट घडी घालत होती, आणि म्हणाली, "शेवटी शेवटी त्यांना तेवढाच एक आनंद होता रे." बाबांचा एकुलता एक आनंद खोटा होता म्हणून सांगू?

लिहिलं पत्र. त्याला. मग त्याच्या वतीनं उत्तर लिहिलं, टाइप करून, की महाशय एवारिस्तो बाल्दुची यांच्यासारख्या थोर वादकाच्या स्मृतीसाठी माझी धून वाजवली जाणं हा माझा गौरव आहे. आणि खाली सही कुणाची? क्लिफ डेनबीची!

आईनं ते तीनदा वाचलं. डोळे पुसले, सहीवर ओठ टेकवले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ! एवढा मोठा माणूस, पण चार दिवसांत उत्तर दिलं. नाहीतर तू! बाप वाट बघून बघून गेला, तुझं कधी दोन ओळींचं पत्र नाही!"