देशमुख काकांना हरवायला निघालो होतो

निवडणुकीचं बोलूच नका माझ्याशी. आमच्या हॅम्बर्गच्या मराठी मंडळात देशमुख काका वर्षानुवर्षं अध्यक्ष. त्यांच्याविरुद्ध उभं राहायची कुणाची छाती नव्हती. यंदा मी उभा राहिलो, आणि आखन शहरातून शिकून इथे नोकरीला आलेला निखिलही. मला तर खुद्द देशमुख काकूंनी फोन केला होता. म्हणाल्या, "तू उभा राहाच. मंडळाला नवं रक्त हवं." मी असा फुगलो की आरशासमोर भाषण पाठ केलं.

सभेत काका शांतपणे उठले. "कुणीही निवडून या, मला आनंदच आहे. फक्त गणपतीचं मखर, ढोल-ताशे आणि मसालेभाताची पातेली आजच माझ्या तळघरातून घेऊन जा. गाडी खाली उभी आहे."

आमच्या वाट्याच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या खणात, एक सायकल मावते, तीही उभी. बायकोनं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी तिथल्या तिथे काकांच्या अनुभवाचा गौरव केला आणि माघार घेतली. निखिल एका खोलीत राहतो. माझं वाक्य संपायच्या आत तो टाळ्या वाजवायला लागला. काका पुन्हा बिनविरोध!

चहाच्या वेळी मी ओशाळून म्हटलं, "सॉरी काकू, तुमचा उमेदवार पळाला."

काकूंनी निखिलकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "एक नाही रे, माझे दोघंही पळाले. म्हणजे यंदाही तळघर मंडळाचं, आणि माझ्या लोणच्याच्या बरण्या पलंगाखालीच."