अक्रोडाच्या दस्त्यावर तीन रंग

अहो टॉलिव्हर, चारशे? — दुर्बिणीसकट रायफलीचे चारशे डॉलर? नुसत्या दुर्बिणीचे बाबांनी सहाशे मोजलेत! — हो, कळतंय, रंग मारलाय, आंधळी नाही मी. रंग मारला की रायफलीचा भाव निम्म्यावर, ते तुमच्याकडे तसंच आमच्या लुइसटाउनात. जाहिरातीत का नाही लिहिलं? लिहिलं असतं तर ग्रेट फॉल्सहून दोन तास गाडी हाकत तुम्ही आला असता का? — नाही ना! बसा. कॉफी पातळ आहे, पण फुकट आहे.

रंग काय, नवऱ्यानं मारला. डॅरेलनं. पुरुषांना स्प्रेचा डबा दिसला की हात शिवशिवतात — हसताय बघा तुम्हीसुद्धा. कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगली, आधी खाकी मारला, मग मी वाळलेलं गवत आडवं धरून वरून तपकिरी — काय? मी? — मी म्हणाले का मी?

हं. म्हणाले खरी. तोंड आहे की मोडकं फाटक!

बरं, मीच मारला. झालं समाधान? घटस्फोटात वाटण्या चालल्या होत्या. रायफल बाबांची — पण लग्नानंतरच्या पहिल्या एल्कच्या शिकारीला बाबांनी ती जावयाच्या हातात दिलेली, आमच्यात देतात तशी. हातात दिली म्हणजे त्याची. मला काय दिलं? एल्क सोलायची सुरी! तर डॅरेल म्हणाला, घर ठेव तू, रायफल मी नेणार. म्हटलं, थांब लेका. तो कामावर गेला तशी तीन डबे आणले — अक्रोडाचा दस्ता, नळी, दुर्बीण, काही सोडलं नाही. काचांवर तेवढी चिकटपट्टी लावली, शहाणी ना मी! संध्याकाळी त्यानं बघितली आणि पोट धरून हसला. "ठेव तुलाच. आता कुत्रंसुद्धा विचारणार नाही हिला." जिंकले की नाही? अहो, केक आणला मी. एकटीनं खाल्ला, अख्खा.

मग शनिवारी घेऊन गेले बाबांकडे, वृद्धाश्रमात — ऑफिसात आधी विचारून, गोळी उडूच नये म्हणून बोल्ट घरी काढून ठेवून, सगळं रीतसर. मी त्यांना ओळखू येत नाही आता. नर्स समजतात. चांगली नर्स, एवढं मात्र म्हणतात. पण रायफलीचं विचारा — दस्त्यात गाठ कुठं, कुंपणाच्या तारेचा ओरखडा कुठं, घडाघडा सांगायचे. म्हटलं, हातात घेतील आणि मागोमाग पोरगी आठवेल. घेतली हो. अंगठा फिरवला दस्त्यावरून, एकदा, दोनदा — खरखरीत लागलं. म्हणाले, "कुणाची आहे ही, बाई? मालकाला परत देऊन ये."

थिनर? लावून पाहिलं ना, इथं टोकाशी, हे बघा — रंगाबरोबर चाळीस वर्षं मुरलेलं तेलही उतरलं, लाकूड उकडलेल्या बटाट्यासारखं पडलंय. दुर्बिणीच्या नेम जुळवायच्या चकत्या तर रंगानं चिकटल्यात, फिरतच नाहीत. — कोण, तुमच्या ओळखीचा कारागीर? पहिल्यासारखी करतो? अगदी पहिल्यासारखी? ... मग किती दिवस — काय? पुढच्या वर्षी नंबर?

बाबा गेल्या आठवड्यापासून जेवत नाहीत.

चारशे तर चारशे. ठेवा तिथं. — नाही, गुंडाळायला काही नाही माझ्याकडे. — त्या कारागिराचा पत्ता नका देऊ. त्याच्याकडून करून घेतलीत तरी फोटो नका पाठवू, मला माहीत आहे ती कशी दिसते. निघा तुम्ही. आणि दार ओढून घ्या.