तळ्यासमोरची खोली

बसच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे मायलेक उभे होते.

“आई, तळ्यासमोरच्या हॉटेलातच राहू. वीस वर्षं तू तिथल्या चादरी बदलल्यास, आता दोन दिवस तूच लोळ.”

“नको रे. बाजारामागे बरं पडेल.”

“बाजारामागे डास फोडून काढतात.”

“काढू देत. हॉटेलात माझ्याबरोबरच्या बायका अजून कामाला आहेत.”

“मग भेटतील की. मलाही बघतील एकदाच्या.”

“तेच नकोय.”

“का गं?”

“त्यांना मी सांगितलंय, मुलगा परदेशात असतो, म्हणून भेटायला येत नाही.”

“परदेशात? मी दोन तासांवर तर राहतो.”

“ते कुठल्या तोंडाने सांगायचं होतं?”

खिडकीतल्या माणसाने विचारलं, “कुठे उतरणार? तळं की बाजार?”

“बाजार,” मुलगा खाली बघत म्हणाला. “दोन द्या.”